सोळा तारांच्या गाठी

आमच्या कॉलेजात इंटरनेटवरचा टीव्ही आला, तेव्हा चंद्रपुरात घरोघरी केबलवाल्याचीच तार होती. आमच्याकडे मात्र गच्चीवरच्या छत्रीतून आलेलं चित्र आधी कॉम्प्युटर रूममधल्या मशीनमध्ये जायचं आणि तिथून नेटच्याच तारांनी वसतिगृहं, ग्रंथालय, मेस, वर्ग, सभागृह अशा सोळा ठिकाणी पोचायचं. प्रत्येक टीव्हीखाली एक छोटा डबा. तो सुरू केला की पडद्यावर एक गोल फिरत राहायचा आणि पोरं मला हाका मारायची.

"भाऊ, तुमचा टीव्ही कोळशाच्या मालगाडीनं येते का?"

"येऊन राह्यला, येऊन राह्यला," म्हणत मी कॉम्प्युटर रूमकडे पळायचो.

त्या सोळा तारा माझ्या ताब्यात होत्या. वय बावीस. गाव अहेरीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगरांकडे. पहाटे निघालं तरी चंद्रपूरला पोचेपर्यंत दिवस मावळायचा. आश्रमशाळा सातवीत अर्ध्यावर सोडली होती. खड्डे खणून तारा टाकणाऱ्या टोळीबरोबर या कॉलेजात आलो. काम संपलं, टोळी गेली, आणि मी राहिलो तो चाचांमुळे. चाचा कॉलेजचे वायरमन, परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, आतल्या मोहल्ल्यात राहणारे. कॉम्प्युटरच्या मॅडमना त्यांनी सांगितलं, "पोरगा मेहनती आहे. दहावी पास आहे." मॅडमनी कागदावर तसंच लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, मी तर सातवी..."

"अरे, तार काय तुझी मार्कशीट पाहते?"

ते हसले. मला मात्र तेव्हापासून नीट हसू आलं नाही. खोटं उघडं पडलं तर माझं काम जाईलच. पण तीस वर्षं या कॉलेजात ज्यांचा शब्द चालत आला, त्यांचा शब्द माझ्यापायी खोटा ठरेल, याची धास्ती जास्त होती. मॅडमनी हाक मारली की आधी वाटायचं, कळलं.

मशीनला ओळीनं सोळा खाचा होत्या. ज्या खाचेत ज्या जागेची तार, तीच तिथे पाहिजे. सुरुवातीला एकदा माझ्याकडून दोन तारांची अदलाबदल झाली आणि ग्रंथालयात व्याख्यानाऐवजी क्रिकेटची मॅच लागली. पोरं खूश, ग्रंथपाल लालबुंद. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कुठली तार कुठे, याची यादी लिहून दारावर लाव."

"लिहितो, मॅडम."

लिहायची म्हणजे माझं अक्षर मॅडमना दिसणार. चार ओळी लिहायला मला अर्धा तास लागायचा, आणि जोडाक्षरं तरी चुकायचीच. मग मी मला येत होतं ते केलं. आमच्या गावाकडे लग्नाचा निरोप जायचा तो गाठी मारलेल्या दोरीनं. जितके दिवस, तितक्या गाठी. रोज एक सोडायची. गाठी संपल्या की निघायचं. मी प्रत्येक तारेला एक दोरा बांधला आणि खाचेच्या नंबराएवढ्या गाठी मारल्या. पाचाला एक मोठी गाठ, बाकी बारीक. दोन महिने एकही तार चुकली नाही. मॅडम यादीचं विचारत राहिल्या आणि मी "लिहून राह्यलो" म्हणत राहिलो.

मग या टीव्हीच्या उद्‌घाटनाचा दिवस आला. पाच वाजता संस्थेचे अध्यक्ष सभागृहात बोलणार आणि तिथल्या कॅमेऱ्यातून एकाच वेळी बाकी पंधरा ठिकाणी दिसणार होते. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं. एप्रिलातलं अवकाळी. पहिली वीज कडाडली आणि माझे हात आपोआप चालले. आश्रमशाळेतला एकुलता एक टीव्ही विजेनं जळाला होता, तेव्हापासून गुरुजींनी आम्हाला बजावलं होतं: आभाळ गरजलं की पहिले तार काढ. मी सोळाच्या सोळा तारा उपसल्या.

पाऊस दहा मिनिटांत गेला. मॅडम धावत आल्या. खोलीतल्या मॉनिटरवर सगळ्या ठिकाणांचे पडदे दिसायचे, ते सगळे निळे.

"कोणी काढल्या?"

"मी. वीज पडून राह्यली होती, मॅडम."

"अरे, या तारा जमिनीखालून आल्यात! यादी दे, मी लावते."

मी तारा गोळा करायला लागलो.

"यादी कुठे आहे?"

"मीच लावतो," म्हणून मी खाली बसलो. त्या मागे उभ्या राहिल्या. चाचा दारात येऊन थांबले. मी दोरे बोटांत घेऊन गाठी मोजायला लागलो. मोठी एक, बारीक दोन, सात. मोठ्या दोन, दहा. एकेक पडदा उजळायला लागला. शेवटी दोन तारा उरल्या, आणि दोन्हींच्या दोऱ्यांवर तेवढ्याच गाठी. ओढाताणीत एकीची गाठ सुटली होती. त्यातली एक ग्रंथालयाची, एक सभागृहातल्या कॅमेऱ्याची. अंदाजानं लावल्या. गोल फिरला, फिरत राहिला, पडदा निळाच. अदलाबदल केली. पुन्हा गोल. मग सभागृहातलं रिकामं व्यासपीठ दिसलं, फुलांसकट. पाचला दहा कमी होते.

मॅडमनी एक दोरा हातात घेतला. "ही तुझी यादी?"

"हो."

"दहावी कुठून केलीस?"

चाचा एकदम म्हणाले, "मॅडम, ते मी सांगितलं होतं. त्याची काही..."

"नाई चाचा," मी म्हणालो. "सातवी, मॅडम. तीपण अर्धी. चाचांनी माझ्यासाठी सांगितलं. लिहिता येत नाई म्हणून यादी नाई देली."

खालच्या सभागृहात टाळ्या वाजल्या. अध्यक्ष आले होते. मॅडम निघाल्या. "सोमवारी ये," एवढंच बोलल्या.

तो दिवस गुरुवार. खोलीवर जाऊन मी दोऱ्याला चार गाठी मारल्या. शुक्रवारी एक सोडली, शनिवारी एक. बॅग भरून ठेवली होती. चाचा मेसमधून ताट घेऊन आले, तर मी ते बाजूला सरकवलं.

"मले काऊन नाई सांगितलं? यादी मी लिहून देली असती ना."

"तुम्ही माझ्यासाठी एकदा खोटं बोलले, तेच पुरे झालं."

चाचा ताट घेऊन गेले.

सोमवारी शेवटची गाठ सोडून मी गेलो. मॅडमसमोर माझा तोच कागद होता. 'दहावी' खोडून त्यांनी 'सातवी' लिहिलं, बाजूला सही केली. चाचांना शेजारी उभं करून म्हणाल्या, "पुन्हा कोणाची शिफारस केलीत तर खरं सांगून करा." चाचांनी मान खाली घातली. ते बघणं मला फार जड गेलं. मग माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन आलं. "सोळा ओळी. वेळ लागू दे. तुझ्याच अक्षरात."

दुपारचे दोन वाजले. 'ग्रंथालय' तीनदा खोडलं. मॅडमनी कागद वाचला, एक चूक दाखवली आणि दारावर चिकटवला. दोरे मात्र तारांवर तसेच राहू दिले.

बाहेर चाचा पायरीवर बसले होते, शेजारी झाकलेलं ताट.

"झालं लिहून?"

"झालं."

"आता तरी जेव."