गंगावन्संची दमणी

पौषातल्या एका सकाळी माझ्या सासरचा, साखऱ्याचा गडी हिंगोलीत आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मला कळलं. "गंगाबाई गेल्या," एवढंच तो बोलला. माझ्या नणंदबाई. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, माहेरी आल्या आणि तिथंच राहिल्या. लोक विचारतात, कशा होत्या? हट्टी होत्या, तोंडाने फटकळ होत्या, आणि त्यांच्यासारखी दमणी सांभाळणारा गडी पंचक्रोशीत नव्हता. हे मी भावजय असून लिहिते आहे, म्हणजे खरं मानायला हरकत नाही.

दमणी ही आमच्या घरची हौसेची गाडी. हलकी, वर तट्ट्याचं छत, आत गादी. माल वाहायला बैलगाडी वेगळी. दमणी फक्त लेकीसुनांना जत्रेला, लग्नाला न्यायची. म्हणून वर्षाचे अकरा महिने ती छपरात उभी, वर कोंबड्या बसलेल्या. औंढ्याच्या नागनाथाची शिवरात्र जवळ आली की गडीमाणसं तिला आदल्या दिवशी ओढ्यात नेऊन उभी करत. लाकूड पाण्याने फुगे, चाकावरची लोखंडी धाव घट्ट बसे, की झाली गाडी तयार! मी लग्न होऊन आले त्या वर्षी अशीच भिजवलेली दमणी वाटेत चाक मोडून बसली आणि जाऊबाईंचा हात मोडला. मामंजींनी तिथंच सांगून टाकलं, बायांची जत्रा बंद, आणि दमणी फोडून चुलीला घाला. वर्षातून एकदा घराबाहेरचं आभाळ दिसायचं, तेही गेलं. मी स्वयंपाकघरात रडत बसले. वन्सं मात्र थेट ओसरीवर गेल्या.

"आबा, एक वरीस द्या. मी बघते तिच्याकडं. पुन्ना मोडली तर पयली कुऱ्हाड मीच घालते."

मामंजी हो म्हणाले, बहुतेक कटकट टळावी म्हणूनच.

वन्सं गेल्या हुसेनमामूंकडे. गावातलं चाकांचं सगळं काम त्यांच्या भात्यापाशी चाले. विधवा बाई लोहाराकडे जाऊन बसते म्हणून गावाने तोंडं वाकडी केली. वन्संनी कुणाला धूप घातली नाही. मामूंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्या जन्मभर आम्हाला ऐकवत... "चालती गाडी झिजती बाई, उभी गाडी सडती."

अमावस्येला बैल जुंपत नाहीत, गडी मोकळे असतात. तो दिवस वन्संनी धरला. दर अमावस्येला चाकं उतरवायची, आसावरचं जुनं वंगण खरवडायचं, एरंडेलात जळक्या गवताची काजळी कालवून नवं चोपडायचं. आस दगडांवर टेकवून चाकं जमिनीपासून उचलून ठेवायची, म्हणजे ओल लागत नाही, वाळवी चढत नाही. आणि शेवटी ओढ्यातला एक गोटा घेऊन धावेवर ठोकायचं. खण्ण वाजलं तर घट्ट, भद्द वाजलं तर ढिली. पौषाच्या अमावस्येला एक चाक भद्द वाजलं. ओढ्यात नेऊ या, आमचे हे म्हणाले. वन्सं उसळल्याच, की पाण्याने आलेला घट्टपणा उन्हात किती टिकेल? मामूंनी गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल केली, चाकावर चढवली, आम्ही बायांनी घागरी ओतल्या. वन्संनी गोटा मारला, कान दिला आणि म्हणाल्या, "बराबर."

तरी मामंजींचा भरवसा बसेना. जत्रेला निघताना ते शेजारच्या पाटलांच्या नव्या कोऱ्या दमणीत बसले, तीही आदल्या दिवशी ओढ्यात भिजवलेली. हिंगोलीचा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी औंढ्याच्या वाटेला ऊन चढलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाटलांच्या चाकाची धाव निसटली, घरंगळत ज्वारीच्या रानात गेली. गाडी कलंडली, मामंजी खाली उतरून धोतर झटकत उभे. कुणाला खरचटलंही नव्हतं, म्हणून सांगते, मला हसू आवरेना. वन्संनी बैल थांबवले.

"आबा, बसता का?"

मामंजी आम्हा बायांच्या मधोमध अंग चोरून बसले आणि तसेच औंढ्यापर्यंत आले. उतरल्यावर त्यांनी आसाला हात लावला, काळं झालेलं बोट पाहिलं, आणि पुसलं नाही. त्याच हाताने नागनाथाला नमस्कार केला! त्या वर्षीपासून शिवरात्रीआधी गावातली प्रत्येक दमणी वन्संच्या गोट्याखालून जायची, पाटलांचीसुद्धा.

परवा शिवरात्रीसाठी साखऱ्याला गेले. वन्सं दोन महिने अंथरुणाला होत्या, दमणीकडे कुणी पाहिलं नव्हतं. दुखवट्याचं वर्ष, यंदा जत्रा नको, असं जाऊबाई म्हणाल्या. मामंजींना आता धड दिसत नाही. बाजेवरून म्हणाले, "दुख घरात पाळा. उभी गाडी सडती."

हुसेनमामू आले. जाळ पेटला, धाव चढली, घागरी रित्या झाल्या. मग मामू नेहमीसारखे बाजूला सरकून थांबले. गोटा वाजवून वन्सं बोलल्याशिवाय त्यांनी कधी काम संपलं म्हटलेलं नव्हतं. गोटा कोनाड्यात होता, त्याला अजून वंगणाचा वास होता. डोळे पुसून मी तो उचलला. मी धावेवर ठोकलं.

खण्ण.

"बराबर," मी म्हणाले. मामू दुसरं चाक उतरवायला वाकले.