इकबालभाईंचे गुण

इकबालभाई मुलाणी आमच्या चाकणच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं डाय फिटर होते. पत्र्याला आकार देणाऱ्या डाय दुरुस्त करायचं त्यांचं काम. प्रेसमधून पत्रा फाटून आला की लोक त्यांच्याकडे जायचे. ते फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "डावीकडं पकड जास्त बसतीय. जरा सैल कर." कोणी "का?" म्हणालं, की हातातलं काम ठेवून समजावून सांगायचे.

मी तिथे प्रशिक्षण विभागात होते. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी मला सांगितलं, कोण आपलं ज्ञान दुसऱ्याला किती देतं ते मोजा. मी शंभर गुणांचा तक्ता केला. कंपनीच्या ॲपवर नोंदी किती, व्हिडिओ किती, वर्ग किती घेतले. कामगारांकडून फॉर्म भरून घेतले, त्यांच्या शेवटी एक प्रश्नही होता, काम अडलं की तुम्ही कोणाला विचारता? उत्तरं हातानं लिहिलेली, अक्षर लागेना. अहवाल शुक्रवारी हवा होता. मी तो प्रश्न वगळला.

इकबालभाईंना शंभरपैकी चार गुण पडले.

मी त्यांना आधी म्हटलं होतं, "भाई, ॲपवर काहीतरी टाका ना."

"मॅडम, समोर माणूस असला की मला सुचतं. मोबाइलला काय सांगू?"

वयाची अठ्ठावन्न पूर्ण झालेल्यांना नोकरीत दोन वर्षं वाढवून मिळायची. त्या वर्षी ती गुणांवर ठरली. भाईंना मिळाली नाहीत, ते निवृत्त झाले.

दोन महिन्यांनी मोठ्या डायमधला प्रत्येक पत्रा फाटायला लागला. प्रेस चार दिवस बंद. ऑपरेटर ज्योतीराम मला म्हणाला, "मॅडम, कुणाला विचारतो ते आमी फॉर्मात लिवलं होतं. तुमी वाचलं न्हाई का?"

मी कपाटातला गठ्ठा काढला. त्रेपन्नपैकी एक्केचाळीस जणांनी भाईंचंच नाव घातलं होतं. कुठे 'भाई', कुठे 'मुलाणीचाचा', कुठे नुसतं 'टूलरूमचे चाचा'. साहेबांनी फॉर्म चाळले. म्हणाले, "आता त्यांच्या निवृत्तीचं पत्र बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी हा प्रश्न धरा."

मग मी चऱ्होलीला त्यांच्या घरी गेले. ताहेराभाभींनी चहा ठेवला. तक्ता माझा होता, प्रश्न मीच गाळला, आता पत्रा फाटतोय, सगळं सांगितलं. भाई एकेक फॉर्म वाचत राहिले.

"गणराजनं पण लिहिलंय? तो तर रोज भांडायचा माझ्याशी."

"माझं चुकलं, भाई."

ते 'असू द्या' म्हणाले नाहीत. हातातला फॉर्म खाली ठेवून त्यांनी विचारलं, "फाटतो कुठं? वरच्या कोपऱ्यात?"

"हो. एकदा येऊन बघता का?"

"कंपनीनं बोलावलंय, का तुम्ही?"

"मी."

"मग नाही, मॅडम."

त्यांनी गठ्ठा नीट लावून मला परत दिला.

डाय शेवटी बाहेरच्या लोकांनी चालू करून दिली. पत्रा कशानं फाटत होता, ते आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही.