डाव्या तळहातावर

उदगीरच्या संगप्पांच्या किराणा दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागेनासं झालं, तेव्हा त्यांची लेक सुकन्या सातवीत होती. गिऱ्हाईकं चेष्टा करायची, "संगप्पा, पोरगी हाय का शिडी?" संगप्पाही हसायचे, पण गिऱ्हाईक पाठमोरं झालं की बायकोला, सिद्धम्माला, हळूच विचारायचे, "हिला नवरा कुठनं आणायचा गं?" तळहात तर बापापेक्षा मोठे. भाकरी थापायला बसली की परात अपुरी पडायची आणि तव्याच्या कडेनं भाकरी लोंबायची. त्यावरून सिद्धम्मा तिला रोज बोल लावायची.

ज्या उंचीपायी घराला घोर लागला होता, तिची किंमत पहिल्यांदा नांदेडला झाली. शाळेच्या सहलीत मैदानाच्या कडेला उसाचा रस पीत उभी असलेली ही पोर महामाया मॅडमना दिसली. त्या बास्केटबॉल शिकवायच्या. खेळता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. नुसता चेंडू तिच्याकडे फेकला, आणि सुकन्यानं रसाचा ग्लास न सांडता तो एका हातात झेलला. पुढची सहा वर्षं ती नांदेडलाच राहिली. मॅडमनी तिला घडवली, म्हणजे अक्षरशः रडवून घडवली. मग राज्याचा संघ झाला, देशाचा झाला, आणि चोविसाव्या वर्षी रोमानियातल्या एका लहानशा गावच्या क्लबनं तिला पगारी खेळाडू म्हणून बोलावलं. रोमानिया कुठं आहे हे उदगिरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दुबईच्या पुढं आहे, एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानून घेतलं.

संगप्पांनी मोडता घातला नाही, अट मात्र घातली. घर लिंगायताचं. लहानपणी स्वामींनी दीक्षा दिली तेव्हापासून सुकन्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, म्हणजे रोजच्या पूजेचं लहानसं शिवलिंग, होतं. हल्ली पुष्कळ घरांत ते देव्हाऱ्यात जाऊन बसलंय, पण संगप्पांना ते पटत नसे. ते रोज सकाळ-संध्याकाळ लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे, आणि तेवढा वेळ दुकानात कलेक्टर आला तरी उठायचे नाहीत. हैदराबादच्या गाडीत लेकीला बसवताना खिडकीशी उभं राहून ते म्हणाले, "कुटं बी खेळ. पर लिंग अंगायेगळं करायचं न्हाई. ज्या दिवशी करशील, त्या दिवशी खेळ बंद, घरी यायचं."

"हाव अप्पा," सुकन्या म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

भारतात खेळताना ती डबी कमरेला पट्टीनं घट्ट बांधायची. तिकडंही तसंच केलं. पण दुसऱ्याच सामन्यात बास्केटखाली झटापट झाली आणि डबीचा कोपरा लागून समोरच्या मुलीची बरगडी सोलवटली. पंचांनी सुकन्याला बाहेर काढलं. अंगावर दागिना, धातू, काहीही चालणार नाही, हा नियमच होता, आणि तो चुकीचा होता असं तिलाही म्हणता येईना. प्रशिक्षकांनी सरळ सांगितलं, काढून खेळ, नाहीतर आम्ही दुसरी उंच मुलगी बघतो. पुढच्या सामन्याला ती बाकावर बसून राहिली. एवढ्यासाठी मॅडमचे फटके खाल्ले? आणि अप्पांना दिलेला शब्द, त्याचं काय?

संघात डोईना नावाची एक वयस्क बाई होती. खेळाडूंचे घोटे बांधणं, पाय चोळणं हे तिचं काम. चौथ्या सामन्याच्या आधी सुकन्यानं स्वतःच्या हातानं शिवदार, म्हणजे लिंगाचा दोरा, गळ्यातून काढला आणि डबी डोईनाच्या डाव्या तळहातावर ठेवली. हात छातीसमोर कसा धरायचा ते दाखवलं. त्या भाषेतलं एकच वाक्य तिनं पाठ केलं होतं, "खाली ठेवू नका." डोईनानं कसला प्रश्न विचारला नाही. सामना संपेपर्यंत ती बाकाच्या टोकाला डावा हात छातीसमोर धरून बसून राहिली. त्यानंतर प्रत्येक सामन्याला हेच चाललं. सुकन्या खेळत गेली, नाव होत गेलं, क्लबनं दुसऱ्या वर्षीही ठेवून घेतलं.

घरी मात्र तिनं सांगितलं नाही. फोनवर अप्पा विचारायचे, "लिंग हाय न्हवं अंगावर?" ती गळ्याला हात लावून म्हणायची, "हाय अप्पा." त्या क्षणी ते असायचंही. तरी फोन ठेवल्यावर तिला अन्न गोड लागायचं नाही. पहिला हंगाम संपता संपता अप्पांनी विचारणंच सोडलं. त्यांचा आपल्यावर विश्वास बसला, असं तिला वाटलं आणि त्याची जास्तच लाज वाटली. आपल्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्या माणसाला फसवायचं म्हणजे जिवाला फार लागतं.

तिसऱ्या वर्षाचा करार पुढ्यात आला तेव्हा तिनं ठरवलं, आता घरी जायचं, अप्पांना खरं सांगायचं, मगच सही करायची. ते बंद म्हणाले तर बंद. तिकीट काढलं आणि तिसऱ्या दिवशी अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला. अप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं.

ती पोचली तेव्हा संगप्पा लातूरच्या दवाखान्यातून घरी आले होते. तोंड वाकडं झालेलं, शब्द अडखळत येणारे, डावा हात लुळा, बोटं आत वळलेली. तिला बघून त्यांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या. सुकन्या चुलीशी अव्वाजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. डबी, बरगडी, डोईना, सगळं. "आता ह्या हालतीत अप्पांना कसं सांगू?" ती म्हणाली.

सिद्धम्मानं भाकरी उलटली. "त्यास्नी ठावं हाय की."

"कसं?"

"मोबाईलवर तुजी म्याच बघायचे न्हवं? येकदा बाकावरची ती गोरी बाई दिसली. डावा हात असा धरल्याला. बघितल्या बघितल्या म्हणले, हे सुकन्याचं लिंग हाय. मी म्हणलं, आता पोरीला बोलवून घ्या. मग म्हणले, ती बाई धरून बसली हाय बिचारी, पर तिला मंत्र कुटला यायलाय? मंत्र मी म्हणतो. तवापसनं तुजी म्याच सुरू झाली की आपलं लिंग हातावर घेऊन बसायचे. शिट्टी वाजूस्तोवर उठायचे न्हाईत."

सुकन्या तशीच उठून बाहेर गेली.

संध्याकाळी दिवाबत्तीची वेळ झाली. सिद्धम्मानं नवऱ्याच्या कपाळाला विभूती लावली आणि उशीवर त्यांचा डावा हात ठेवायला गेली. रोज हीच खटपट चालायची. बोटं उघडायची नाहीत, हात घसरायचा, आणि पूजा राहिली म्हणून संगप्पा लहान पोरासारखे हुंदके द्यायचे. सुकन्या पलंगाशी खाली बसली. तिनं आपला तळहात त्यांच्या हाताखाली सारला आणि एकेक बोट हळूच सरळ केलं. बापाचा पंजा तिच्या पंजात अख्खा मावला. त्यांनी उजव्या हातानं डबी उघडून लिंग त्या तळहातावर ठेवलं. ओठ हलले, पण मंत्र काही फुटेना. मग तो सुकन्यानं म्हटला, शेवटपर्यंत, त्यांच्या डोळ्यांत बघत.

पूजा झाली. मग संगप्पा जड जिभेनं म्हणाले, "त्या बाईचं... नाव काय?"

"डोईना, अप्पा."

"तिला म्हणावं..." ते थांबले, दम घेतला. "कोपर मांडीवर टेकव. हात... लई दुखतो."

सुकन्यानं मान हलवली. तिचा हात अजून त्यांच्या हाताखालीच होता.