मुरलेला चिरूट

मद्रासच्या एग्मोर स्टेशनच्या बाकावर रोज संध्याकाळी दिसणाऱ्या त्या तंजावरी गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. कारकुनाच्या पगारात परवडणारे त्रिचीचे चिरूट ते सागवानी पेटीत वर्षभर लोणच्यासारखे मुरवत. खिशात दोन असत. एक डोळे मिटून ओढायला, दुसरा कुणी मागितलाच तर. कुणी कधी मागितला नव्हता.

एकदा पहिल्या वर्गाचा सुटाबुटातला प्रवासी वासानं थबकला. “हवानाचा का हो?”

“आपल्या त्रिचीचा, सार!” म्हणत त्यांनी दुसरा पुढे केला. दोन झुरके घेताच साहेबानं बदल्यात आपला परदेशी सिगार दिला. गृहस्थांनी तो हुंगला, हलकेच दाबला आणि परत केला.

“अजून कच्चा आहे, सार. वर्षभर मुरवा.”

त्या संध्याकाळी ते रिकाम्या खिशानं, राजासारखे चालत घरी गेले.