पाण्यापलीकडे, सुगंधाच्या घरी

घाट उतरून गाडी कर्जतला थांबली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता आणि डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा अजून खाली येत होत्या. साताऱ्याहून निघताना शेजारपाजारच्यांनी विचारलंच होतं, "भाद्रपदात कुणी तिकडे फिरायला जातं का?" पण माझी भाची मेघा तिथे एका संस्थेत नर्स आहे. डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन बाळंतिणी आणि लहान मुलं तपासायची, हे तिचं काम. "मावशी, बँकेतून सुटलीस, आता तरी ये," असं ती वर्षभर म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाईंचा टेंपो दाराशी आला. त्यांचे आजोबा किनाऱ्याकडून धंद्यासाठी जवळच्या चौक गावात आले आणि घर इथलंच झालं. भाजी पोचवायला निघाले की आठवड्यातून एकदा ते मेघाला धरणापर्यंत सोडतात. "बसा मावशी, बिनधास्त बसा. फक्त कोथिंबिरीवर पाय नका ठेवू!"

लोधिवलीजवळ जुन्या हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. ती मागे टाकून आत वळलो आणि एकदम सगळं हिरवं झालं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. रस्ता संपला तिथे धरणाचं पाणी लागलं. धरण झालं तेव्हा खालची गावं उठली. पलीकडची ठाकर आदिवासींची वाडी उंचावर होती म्हणून राहिली, पण तिच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला कडा. पावसाळ्यात जायला यायला एकच होडी. वाडीतल्या कर्त्या बाई हिराबाई, त्यांचे यजमान कमळूदादा ती वल्हवतात.

पलीकडे उतरताना माझा पाय सटकला आणि मी चिखलात मस्त बैठक मारली. काठावरच्या बाया खळखळून हसल्या. हिराबाई हात द्यायला पुढे आल्या, पण आधी ओरडल्या, "पाव्हण्या बसल्या गं आपल्या जमिनीवर!" मग त्यांनीच हंड्यातल्या पाण्याने माझे पाय धुतले आणि नेसायला स्वतःचं लुगडं दिलं.

आम्ही आलो होतो ते मुख्यतः वाडीतल्या सुगंधा नावाच्या बाळंतिणीसाठी. तिची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. इस्पितळातून नुकतीच घरी आलेली, मांजराच्या पिलाएवढी. नवरा साजगावच्या कारखान्यात कामाला, सुट्टीलाच घरी येणारा. आई नाही, सासू नाही, आणि पदराशी एक दुडदुडणारं मूल. एवढ्याशा बाळाला माणसाच्या अंगाची ऊब सतत लागते, उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचं, हे मेघाने शिकवलं होतं. पण पाळ्या बायांनी आपल्या आपण लावल्या. एकीने सुगंधाला भाकरी आणि आंबील करून द्यायची, एकीने मोठ्या मुलाला सांभाळायचं, आणि सुगंधा झोपली की एकीने बाळ छातीशी घ्यायचं.

मेघाने काट्याला झोळी लावून बाळाचं वजन केलं. वाढलं होतं! हिराबाईंनी तोंडाला पदर लावून, लांबूनच वाकून काटा पाहिला आणि मग आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि कुर्डू (पावसात रानात उगवणारी पालेभाजी), वर सुकट. इतकं चवदार जेवण मी किती तरी दिवसांत जेवले नव्हते.

हात धुतो न धुतो तोच सुगंधाच्या घरून हाक आली. ती कुडकुडत होती. दुधाची गाठ होऊन छाती लाल झाली होती आणि अंग भाजत होतं. मेघाने कर्जतच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोळी द्या आणि इकडे घेऊन या. पण तोवर वारा सुटला होता. पाण्यावर लाटा उठत होत्या आणि कमळूदादा मान हलवत म्हणाले, "आता नाय. मधे गेलो तर होडी फिरंल."

बहुतेक बाया रानात गेलेल्या, मेघा सुगंधापाशी गुंतलेली. हिराबाईंना खोकला, म्हणून त्या बाळाजवळ जात नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमी घ्या."

"मी? मला नाही हो जमायचं."

"जमंल. अंग हाय ना गरम? मंग झालं."

मी भिंतीला टेकून बसले. मेघाने बाळ माझ्या छातीवर पालथं ठेवलं, सुती लुगड्याने आम्हा दोघींना बांधलं. बाळाचा श्वास माझ्या कातडीला लागत होता. सुगंधाचं काढून ठेवलेलं दूध मेघाने बोंडल्याने थोडं थोडं पाजलं. मध्येच ती अगदी निपचित झाली. "मेघा!" मी ओरडले. मेघाने तळपायावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग तोंड वाकडं करून बाळ रडलं आणि मीही. हिराबाई दारातूनच म्हणाल्या, "रडू दे. दोघींनी रडा. आता तुमी पाव्हण्या नाय, आमच्यातल्या झाल्या."

दिवस कलायच्या आत वारा पडला. सुगंधाला होडीत निजवलं, मोठं मूल हिराबाईंनी ठेवून घेतलं. रानातून परतलेल्या बाया धावत आल्या. कुणी पांघरूण दिलं, कुणी उकडलेले कंद पदरात टाकले. पाणी ओलांडताना मी एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्याने बाळाची पाठ धरली होती. कमळूदादा पाण्यावर नजर ठेवून वल्हवत होते.

पलीकडे रफिकभाई थांबलेले. मेघाचा फोन गेला तसा उरलेला धंदा सोडून ते आले होते. काचा बंद करून त्यांनी पुढची सीट पुसून ठेवली होती. "आरामात चला मावशी, खड्डे मी बघतो," म्हणाले.

वेळेवर पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. सुगंधाचा ताप उतरला, बाळ पुन्हा आईचं दूध ओढू लागलं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. सुगंधा झोपायची तेव्हा बाळ मी घ्यायची. तिला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, वाडीला या परत. हिला घेऊन घरोघरी नेईन तुमाला."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि घाट चढेपर्यंत डोंगरांकडे बघत राहिले. आपण अशा वाड्यांना दुर्गम म्हणतो. पण एकीच्या घरून हाक आली की दुसरी पोचायला तिथे वेळ लागत नाही. त्या माणसांनी मला परकी न मानता आपलं सर्वांत नाजूक बाळ माझ्या हवाली केलं, याचं ऋण मनात घेऊन मी घरी आले.

साताऱ्याला आमच्या मजल्यावर समोरच्या घरातली अश्विनी पहिलटकरीण. नवरा कामाला गेला की दिवसभर एकटी. दाराआडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी पिशवी घरात टाकली आणि तिची बेल वाजवली.

"काय झालं काकू?" केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"काही नाही गं. बाळ दे माझ्याकडे. तू निवांत अंघोळ करून घे."

ती दारातून बाजूला झाली. मग बाळ माझ्या हातात देऊन आत गेली, आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.