एक वगळल्यावर

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कोल्हापुरात दिवसभर मी काय करते, हे वडिलांना, आबांना सांगायला मला अवघड जायचं. पण त्या दिवशी सांगण्यासारखं होतं. शेवटचा अंक काढत गेलं तरी उरलेली प्रत्येक संख्या मूळच राहते, अशा मूळसंख्या शोधणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. ७३९ घ्या, ७३ मूळ आणि ७ सुद्धा मूळ. माझा प्रोग्रॅम एका आकड्यावर थांबला होता: १९७९३३९३३९.

"ह्याच्या फुडं न्हाय?" आबांनी विचारलं.

"नाही. हाच सगळ्यात मोठा."

आबांनी तो पाठ केला आणि सकाळी दूध घालताना डेअरीत सगळ्यांना ऐकवला.

त्याच दुपारी प्रॅक्टिकलला सरांनी स्क्रीन पाहिली. "एक कधीपासून मूळ झाला?" ते हसून म्हणाले. माझा प्रोग्रॅम दोनपासून भागून बघायचा. एकाला भागायची वेळच येत नव्हती, म्हणून तो तसाच आत शिरला होता. एक काढला, तेव्हा सगळ्यात मोठी संख्या ७३९३९१३३ निघाली. सरांनी सही केली. मला मात्र एकच काळजी होती: आता डेअरीत आबांचं हसं होणार.

घरी आई पायलीनं भात मोजत होती, "लाभ, दोन, तीन..." आबा पोत्याचं तोंड धरून बसले होते. मी चाचरत सांगितलं, "आबा, आकडा चुकला. मूळसंख्येला बरोबर दोन भाजक लागतात, एक आणि ती स्वतः. एकाला एकच भाजक. म्हणून तो धरत नाहीत."

आबांनी पोतं हलवून भात बसवला. मग म्हणाले, "हितं तरी पयल्या मापाला एक कुठं म्हंतोय आपण? त्याचं येगळंच असतंय."

"तसं नाही हो आबा, कारण वेगळं आहे."

"असू दे की. नवा आकडा सांग."

आई म्हणाली, "नीट बघून सांग गं बाई."

सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. माप घेणाऱ्यानं विचारलंच, "काय आबा, कालचा आकडा पाठ हाय न्हवं?"

"त्यात एक घुसलता. पोरीनं हाकलला."

"का म्हनं? एकानं काय घोडं मारलं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढं झाले आणि भाजक सांगितले. "मग दोन कसा चालतोय?" दुसऱ्यानं विचारलं. दोनाचं सांगितलं, तर तिसऱ्यानं नवाचं काढलं. शेवटी रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अवो, दूध घ्या की आधी!"