छापील साडीवर शिकवलेली उत्क्रांती

सुरतच्या गोडादरा भागातल्या एका मराठी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली. कुणाचे वडील कापडाच्या लूमवर कामाला, कुणाची आई घरी साड्यांना लेस लावते. मध्यंतरी पुस्तक बदललं. आनुवंशिकतेचा धडा राहिला, उत्क्रांतीचा भाग गेला. परीक्षेत येणार नाही म्हणून मीही तो सोडून देणार होते. पण एका मुलीने विचारलंच, "मॅडम, माणूस माकडापासून झाला ना? मग सरथाण्याच्या झूमधली माकडं अजून माकडंच कशी?"

वर्ग हसला. मी "उद्या सांगते" म्हणाले, कारण मला नीट सांगता येईना. कॉलेजात मी हा विषय व्याख्या पाठ करून काढला होता.

संध्याकाळी घरी कुकर लावला आणि मोबाइलवर शोधायला बसले. मराठीत लांबलचक भाषणं सापडली, त्यांच्याखाली लोकांची भांडणं. इंग्रजीत शिक्षकांसाठी केलेली सुरेख पानं होती, पण वाचता वाचता धाप लागायची. शेवटी विदर्भातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं साधंसं पान हाती लागलं. त्यांनी त्या इंग्रजी पानांतले खेळ आणि चित्रं मराठीत आणून ठेवली होती. खाली एकच ओळ होती, "वापरा, बदला, अडलं तर लिहा."

मी लिहिलं. सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत भलंमोठं उत्तर आलेलं होतं. "तुमच्या विद्यार्थिनीची शंका अगदी बरोबर आहे. गडबड आहे ती 'माकडापासून' या शब्दात. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, चुलत घराणी आहेत. मूळ घराणं फार जुनं, ते आता उरलं नाही." पुढे एक खेळ समजावला होता आणि विचारलं होतं, "यासाठी दाट छापाचं कापड लागेल. तुमच्याकडे मिळेल का?"

सुरतेत कापड मिळेल का! मी रिक्षात एकटीच हसले.

हेडसर म्हणाले, "घ्या एक तास. फक्त कोर्स मागे पडू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी हिरव्या छापाची साडी वर्गात जमिनीवर अंथरत होते, तेवढ्यात त्याच मुलीची आई दारात आली. चेहरा गंभीर.

"मॅडम, पोर घरमा म्हनस, आपला आजा-पणजा माकडं व्हतात. हाई खरं शे का?"

तक्रार पुढे कुठवर जाईल, सांगता येत नाही. पण आदल्या दिवशीचं ते उत्तर माझ्याजवळ होतं.

"ताई, तुमचं गाव कोणतं?"

"अमळनेरकडलं."

"तुमच्या सासऱ्यांचे भाऊ गावीच राहिले?"

"हा. त्यासना नातू तठेच शेतस."

"त्यांचे नातू शेती करतात, अहिराणी बोलतात. तुमची मुलं इथे गुजराती बोलतात. मग तुमची मुलं त्या नातवांपासून झाली का?"

"नही वं! दोन्हीसना पणजा एकच शे."

"माकडाचं आणि आपलं तसंच. फक्त तो पणजा कोट्यवधी वर्षांमागचा."

त्यांची नजर जमिनीवरच्या साडीवर गेली. मग मी म्हटलं, "बसा थोडा वेळ. आम्हाला एक पक्षी कमी पडतोय."

मुलांनी साडीवर कागदाच्या टिकल्या उधळल्या. हिरव्या, लाल आणि पांढऱ्या सारख्याच संख्येने. टिकल्या झाल्या किडे, मुलं झाली पक्षी. पाठ फिरवायची, वळायचं, जी टिकली आधी दिसेल ती उचलायची. उरलेल्या प्रत्येक टिकलीला त्याच रंगाची पिल्लं द्यायची आणि पुन्हा खेळायचं. त्या ताई आधी संकोचाने, मग पदर खोचून खेळल्या. काही फेऱ्यांत लाल आणि पांढऱ्या जवळजवळ संपल्या. साडीवर हिरव्याच हिरव्या.

बोलल्या त्या ताईच. "म्हंजे एकबी टिकलीनी रंग नही बदला. ज्या दिसन्यात नही, त्या वाढन्यात."

जी गोष्ट मला फळ्यावर कितीदा लिहूनही मुलांच्या गळी उतरवता आली नसती, ती वर्गात बोलली गेली होती. मुलीने आईकडे असं पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. जाताना ताई म्हणाल्या, "मी बी सातवीपर्यंत शिकेल शे. मंग लगीन व्हयनं." आणि माझा हात दाबला.

मी त्या निवृत्त बाईंना सगळं कळवलं. त्यांनी आग्रहाने माझ्याकडून साडीचा फोटो आणि चुलत घराण्याचं उदाहरण मागून घेतलं आणि पानावर चढवलं. आम्ही अजून भेटलेलो नाही. फोनवर त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मला नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, मलाही कुणीतरी दिलंच होतं की."

गेल्या महिन्यात डांग जिल्ह्यातल्या एका गुजराती शाळेच्या शिक्षकांचा निरोप आला. त्यांनी पानावरचा हा खेळ मैदानातल्या गवतावर रंगवलेल्या काड्यांनी घेतला होता, आणि मुलांनी विचारलेला एक प्रश्न त्यांना अडला होता. मी कुकरचा गॅस बारीक केला आणि उत्तर लिहायला बसले.